बॉल कपाळावर घ्यायचा

परवाच्या शनिवारी सकाळी धाकट्याच्या फुटबॉलच्या प्रॅक्टिसला गेलो होतो. ग्लासगोतला नेहमीचा पाऊस. पडतोय असं जाणवत नाही, पण तासाभरात कोट आतपर्यंत ओला होतो. कृत्रिम गवताच्या मैदानावर दहा-दहा वर्षांची पंधरा-सोळा पोरं, आणि कडेला थर्मास धरून उभे आम्ही आईबाप. उजवीकडून कुणीतरी बॉल उंच उचलून दिला. तो खाली येऊ लागला तसा आमचा पोरगा दोन पावलं मागं सरला, हनुवटी आत घेतली आणि उडी मारून बॉल बरोब्बर कपाळाच्या मधोमध घेतला. बॉल सरळ साथीदाराच्या पायात गेला. माझ्या तोंडून आपसूक 'शाब्बास' निघालं आणि त्याच वेळी कोचची शिट्टी वाजली. कोच धावत पोराजवळ गेला, गुडघ्यावर बसला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडला नाही. 'इथं डोकं नाही लावायचं,' एवढंच म्हणाला. पोरानं मान हलवली, आणि मग वळून माझ्याकडं बघितलं.

ते बघणं आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

कारण डोकं लावायला त्याला मीच शिकवलं होतं. आमच्या इमारतीच्या मागं सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक हिरवळ आहे. तिथं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा. आधी स्पंजच्या बॉलनं, मग खऱ्या. नियम मला ठाऊक नव्हता असंही नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना प्रॅक्टिसमध्ये डोकं लावू देत नाहीत. पोराचं नाव घालताना दिलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं, आणि मी खाली सही केली होती. तरी शिकवलं. का शिकवलं याचं खरं उत्तर असं की मला त्याच्याकडं देण्यासारखं जे थोडं आहे त्यातलं ते एक आहे. मी डॉक्टर नाही, गाणं मला येत नाही, पोहायला तर तोच माझ्यापेक्षा बरा. पण उंचावरून येणारा बॉल कुठं पडणार हे मला इतरांच्या आधी कळतं. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या मंडळाकडून मी आठ वर्षं स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा, म्हणून खेळलो, आणि तिथून मी एवढं एकच घेऊन आलो.

गांधी मैदानावर पहाटे प्रॅक्टिस असायची. पावसाळ्यात बॉल पाणी प्यायचा. त्याची शिवण फुगायची, रंग जायचा, आणि दुपारपर्यंत त्याचं ओलं पोतं व्हायचं. आम्हाला शिकवणारे दादा गोलपोस्टच्या आडव्या दांड्याला दोरीनं बॉल टांगायचे आणि आम्ही एकेक करून उड्या मारायचो. 'बॉल डोक्यानं मारत न्हाईत, मानेनं मारत्यात. मान ताठ ठेव. डोळं मिटलंस की संपलास.' कपाळावर लागायचा तेव्हा कवटीच्या आत एक बोथट आवाज यायचा, बाहेर कुणालाच ऐकू न जाणारा. दिवसाला पन्नास, साठ, कधी त्याहून जास्त. घरी जाताना कानात बारीक शिट्टी वाजत असायची. कपाळावर शिवणीचा लाल ठसा उठायचा आणि तो आम्ही मिरवायचो. आमच्या गावात पैलवानाचा मोडलेला कान बघितला की लोक त्याला वाट देतात. त्या कानाला जो मान, तसाच काहीसा मान आम्हाला त्या ठशाला हवा होता. आई खोबरेल तेल चोळायची आणि काही बोलायची नाही.

रविवारी सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. सत्तरी ओलांडलेले, एकटेच राहतात, आमच्या पोराला स्वतःच्या नातवासारखं वागवतात. त्यांना शनिवारचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसले आणि म्हणाले, 'सीझरला कुणी शिट्टी मारली असती तर?' इथं सीझर म्हटलं की आडनाव सांगावं लागत नाही. बिली मॅकनील, इथल्या सेल्टिक क्लबाचा स्टॉपर. तरुणपणी हॉलिवूडच्या सीझर रोमेरो या नटावरून पडलेलं हे नाव. पुढं तो कर्णधार झाला आणि लोकांच्या डोक्यातून तो नट पुसला गेला, रोमचा सम्राट तेवढा उरला.

आजोबांनी मग मला १९६५ सालचा २४ एप्रिल सांगितला. स्कॉटिश कपचा अंतिम सामना, सेल्टिक विरुद्ध डन्फर्मलिन. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते. हॅम्पडन मैदान आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. तिकिटाला पैसे नव्हते. त्या काळी पोरं फाटकाशी उभी राहायची आणि आत जाणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणायची, मला उचलून पलीकडं ठेवता का? तो बाप्या काखेत हात घालून पोराला फिरत्या फाटकावरून पलीकडं सोडायचा आणि निघून जायचा. 'मी जरा मोठाच होतो उचलण्याच्या मानानं,' आजोबा म्हणाले, 'पण त्या दिवशी सगळ्यांच्याच अंगात बळ होतं.' आत एक लाखाच्या वर माणूस. सेल्टिकनं साडेसात वर्षांत एकही मोठा कप जिंकलेला नव्हता. जॉक स्टीन व्यवस्थापक होऊन येऊन जेमतेम सहा-सात आठवडे झाले होते. डन्फर्मलिननं दोनदा आघाडी घेतली, दोन्ही वेळा बर्टी ऑल्डनं बरोबरी केली. शेवटची नऊ-दहा मिनिटं राहिली असताना डावीकडून चार्ली गॅलॅगरनं कॉर्नर मारला. आजोबांनी इथं हात वर केला आणि जिन्याच्या छताकडं बघितलं. 'सीझर आला ना, तेव्हा त्याच्याभोवती कुणीच नव्हतं असं वाटलं. सगळे खाली, तो एकटा वर.' ३–२. कपाळाच्या त्या एका धक्क्यानं एका क्लबाचा इतिहास फिरला, असं इथली माणसं आजही शपथेवर सांगतात, आणि मला ते खरं वाटतं.

बिलीचा जन्म १९४० सालचा, बेल्सहिलचा. ग्लासगोपासून थोड्या अंतरावरचं कोळसा-पोलादाचं गाव. बाप सैन्यात, आईकडचं घराणं लिथुआनियातून आलेलं. १९५७ मध्ये तो सतराव्या वर्षी सेल्टिकमध्ये आला. त्याला हेरणारा स्टीनच, तेव्हा राखीव संघाला शिकवणारा, आणि स्वतः खेळायचा तेव्हा हीच स्टॉपरची जागा सांभाळणारा. स्टॉपरची नजर स्टॉपरवर पडली, हे मला फार आवडतं. राष्ट्रीय संघातलं बिलीचं पदार्पण मात्र कुठल्याही बचावपटूच्या वाट्याला येऊ नये असं होतं. १९६१, वेम्बली, इंग्लंड ९, स्कॉटलंड ३. पहिल्याच दिवशी नऊ गोल डोळ्यांदेखत आत जाताना बघायचे. आमच्या मंडळाला एकदा सहा बसले होते, तेव्हा मी दोन दिवस पेठेतून मान खाली घालून फिरलो होतो. फॉरवर्डचा, म्हणजे पुढं खेळणाऱ्याचा, वाईट दिवस लोक आठवड्यात विसरतात. स्टॉपरच्या वाईट दिवसाचा आकडा कायम राहतो. बिली त्या आकड्याच्या खालून उठला आणि पुढची चौदा वर्षं उभा राहिला.

सेल्टिकसाठी तो ७९० सामने खेळला. बारा वर्षं कर्णधार होता. १९६६ ते १९७४ सलग नऊ वेळा स्कॉटलंडची लीग. १९६७ च्या मार्चमध्ये युरोपियन कपमध्ये युगोस्लाव्हियातल्या नोव्ही सादहून आलेल्या व्होय्वोदिनाविरुद्ध दोन सामने मिळून बरोबरी होती, तटस्थ मैदानावर तिसरा सामना होणार असं सगळे धरून चालले होते, आणि शेवटच्या मिनिटाला पुन्हा गॅलॅगरचा कॉर्नर, पुन्हा बिलीचं कपाळ. तो गोल झाला नसता तर लिस्बनचा अंतिम सामना घडलाच नसता. १९६९ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात ग्लासगोतल्याच रेंजर्सविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नर आला. बिलीवर लक्ष ठेवायचं काम रेंजर्सच्या एका फॉरवर्डला दिलेलं होतं. तो फॉरवर्ड कमी पडला, बॉल आत गेला, सामना ४–० नं गेला, खापर त्या फॉरवर्डवर फुटलं आणि तो रेंजर्सच्या मुख्य संघातून पुन्हा कधी खेळला नाही. त्याचं नाव ॲलेक्स फर्ग्युसन. मँचेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक म्हणून पुढं त्यानं जे केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या खेळाडू म्हणून आयुष्याच्या उतरणीवर हे कपाळ उभं होतं.

लिस्बनची २५ मे १९६७ ची दुपार तर इथल्या लोकांच्या अंगातच भिनलेली आहे. इंटर मिलान, मॅझोलाची पेनल्टी, सातव्याच मिनिटाला पिछाडी. मग टॉमी जेमेल, आणि सहा-सात मिनिटं उरली असताना स्टीव्ही चाल्मर्स. युरोपियन कप पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये आला, आणि आणणारी अकराच्या अकरा पोरं सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेली. हे वाचलं की मला दर वेळी आमच्या पेठा आठवतात. एका बोळात वाढलेली, एकमेकांच्या आईच्या हातचं खाल्लेली पोरं एका रंगात मैदानात उतरतात, ते मी बघितलेलं आहे. सामना संपल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले, संघ ड्रेसिंग रूममध्ये अडकला, आणि कप घ्यायला कर्णधाराला साथीदारांवाचूनच त्या पांढऱ्या कठड्यापर्यंत जावं लागलं. दोन्ही हातांनी कप डोक्याच्या वर धरलेला, ऊन तोंडावर. तोच क्षण ब्राँझमध्ये ओतून २०१५ मध्ये सेल्टिक पार्कसमोर उभा केलाय.

त्याच रविवारी दुपारी पोराला घेऊन मी तो पुतळा बघायला गेलो. सामना नव्हता, रस्ता मोकळा होता. चौथऱ्याशी कुणीतरी हिरवा-पांढरा मफलर बांधून गेलेलं, पावसानं जड होऊन लोंबणारा. पोरानं वर बघितलं, चौथऱ्याभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, 'बाबा, हा कुठं खेळायचा?' मी म्हटलं, 'स्टॉपर.' 'म्हणजे माझ्यासारखा.' मी म्हटलं, हो. ब्राँझचं कपाळ पावसानं चकाकत होतं. त्या कपाळाकडं बघताना माझ्या मनात जे आलं ते मी पोराला सांगितलं नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत बिलीच्या बायकोनं, लिझनं, जगाला सांगितलं की त्याला डिमेन्शिया आहे. निदान होऊन तोवर काही वर्षं गेली होती. आयुष्यभर मैदानावर मागून सगळ्यांना हाका मारणारा माणूस, त्याचं बोलणंच बरंचसं थांबलं होतं. २२ एप्रिल २०१९ ला तो गेला, एकोणऐंशी वर्षांचा होऊन. पाच दिवसांनी सेल्टिक पार्कवर किल्मारनॉकशी सामना होता. गोल होत नव्हता. मग योझो शिमुनोविचनं बॉल डोक्यानं आत घातला. त्याच्या पाठीवर बिलीचा ५ नंबर होता आणि घड्याळात ६७ वं, लिस्बनच्या सालाचंच, मिनिट चालू होतं. १–० नं सामना संपला. आजोबा त्या दिवशी मैदानात होते. ते म्हणाले, 'आजूबाजूला मोठमोठी माणसं रडत होती, आणि ती का रडतायत ते कुणी कुणाला विचारलं नाही.' त्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी चाल्मर्सही गेला. लिस्बनमध्ये जिंकून देणारा गोल केलेला तो. त्यालाही डिमेन्शियाच होता.

शिमुनोविचच्या त्या गोलाची गोष्ट मी पूर्वी कितीतरी जणांना सांगितली आहे, अंगावर काटा येतो म्हणून. या आठवड्यात पहिल्यांदा ती माझ्या घशात अडकली. बिलीला निरोप दिला तोही डोक्यानंच.

२०१९ च्याच ऑक्टोबरमध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७,६७६ माजी व्यावसायिक स्कॉटिश फुटबॉलपटू एका बाजूला, साधारण २३,००० सामान्य माणसं दुसऱ्या बाजूला. फुटबॉलपटूंना हृदयविकार कमी, फुप्फुसाचा कॅन्सर कमी. सत्तरीपर्यंत तर ते इतरांपेक्षा बरे टिकतात. पण मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी जाण्याचं प्रमाण त्यांच्यात साडेतीन पट. दोन वर्षांनी त्याच गटानं खेळण्याच्या जागांप्रमाणे आकडे मांडले. गोलकीपरला सामान्य माणसाइतकाच धोका. सगळ्यात जास्त बचावपटूला, सुमारे पाच पट. मी हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोनवर वाचलं, पाच पट हा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि गॅस बंद करायचं विसरलो. बिलीचा आजार हेडमुळंच, म्हणजे बॉल डोक्यानं मारल्यामुळंच, झाला असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसं सांगताच येत नाही, आणि मीही ते म्हणणार नाही. हजारो माणसांच्या हिशोबातून एक कल दिसतो, त्यात त्याचं नाव कुठं बसतं हे कुणाला ठाऊक नाही. शिवाय कुणी किती वेळा डोकं लावलं हे त्या अभ्यासाला मोजता आलेलं नाही. मोजणार कसं? कुणी लिहून ठेवलंच नव्हतं.

इथंच मी अडकून बसलोय. बिलीनं सेल्टिकसाठी सगळे मिळून पस्तीसेक गोल केले. त्यातले तीन-चार हेड सगळं शहर जपून ठेवतं. त्यांची तारीख, मिनिट, कॉर्नर कुठल्या बाजूनं आला, हे सगळं. पण स्टॉपरचं डोकं गोलासाठी नसतं. गोलकीपरनं लांब मारलेला बॉल मधल्या रेषेवर परत पाठवायचा, क्रॉस बाहेर काढायचा, समोरचा दांडगट फॉरवर्ड चढायच्या आत चढायचं. एका सामन्यात असं कितीदा? आणि सामन्यापेक्षा आठवड्याची प्रॅक्टिस, अठरा वर्षं, थंडीतल्या चिखलात, पाणी प्यालेला कातडी बॉल. ते हेड कुणाच्या आठवणीत नाहीत. त्यांना टाळी पडली नाही. बिलीच्याही आठवणीत ते नसणार, जसे माझ्या आठवणीत गांधी मैदानावरचे नाहीत. कपाळाच्या आत मात्र सगळ्यांची सारखीच नोंद होत असेल. तिथं हॅम्पडनचा हेड आणि मंगळवारच्या सकाळचा हेड असा भेद कोण करणार?

मग काय म्हणायचं? तो गोल नको होता म्हणू? आजोबांना जाऊन सांगू, की चौदा वर्षांचे असताना अनोळखी माणसानं तुम्हाला उचलून पलीकडं ठेवलं आणि तुम्ही जे बघितलं ते बघायला नको होतं? माझ्याच्यानं होणार नाही. आणि पोराला कपाळ पुढं कर असंही आता माझ्याच्यानं म्हणवणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी आहेत आणि त्या एकमेकींना जागा करून देत नाहीत. इथल्या व्यावसायिक क्लबांनाही २०२२ पासून सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये डोकं लावायला बंदी आहे. सामन्यात मात्र कॉर्नर आला की सगळे उंच बचावपटू आजही तसेच पुढं धावतात, आणि मीही खुर्चीतून तसाच अर्धा उठतो.

गुरुवारी रात्री आजोबांकडं गेलो. कोल्हापूरहून आलेल्या चटणीची एक बाटली त्यांना हवी होती. त्यांच्या भिंतीवर लिस्बनचा एक जुना फोटो आहे, कडा पिवळ्या पडलेल्या. अकराही जणांची नावं त्यांनी डावीकडून उजवीकडं म्हणून दाखवली, आपल्याकडं आजोबा लोक श्लोक म्हणतात तशी, न थांबता. मग एकेकावर बोट ठेवून कोण आहे, कोण गेला ते सांगितलं. बिलीच्या फोटोवर बोट जरा जास्त वेळ राहिलं. 'त्याला शेवटी हे आठवत होतं का, कोण जाणे,' ते म्हणाले, 'मला आठवतंय.' आणि चटणी कशाशी खायची ते विचारलं.

शुक्रवारी झोपायच्या आधी पोराशी बोललो. म्हटलं, मी तुला जे शिकवलं ते चुकीचं नव्हतं, पण आत्ता ते करायचं नाही, आणि कोचचं बरोबर आहे. मी सही केली होती हेही सांगितलं. त्यानं विचारलं, 'मग बॉल वरून आला तर काय करू?' मला पटकन उत्तर सुचलं नाही. इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर होतं. शेवटी आम्ही दोघं उठलो, खोलीत उशी वर फेकली आणि छातीवर, मांडीवर घेऊन बघितली. त्याला मांडीचं बरं जमलं.

काल पुन्हा शनिवार. पाऊस नव्हता, वारा होता. अर्ध्या तासानं तसाच एक बॉल आला, उंच, वाऱ्यानं जरा आत वळलेला. पोरगा त्याच्या खाली बरोबर पोचला. कुठं पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मग तो एक पाऊल मागं सरला, बॉल खाली येऊ दिला, मांडीवर झेलून पायाशी घेतला आणि डावीकडं दिला. कोचनं टाळी वाजवली. मीही वाजवली. टाळी वाजवून हात खाली घेतले तेव्हा लक्षात आलं, माझी हनुवटी आत गेलेली होती आणि मान ताठ झाली होती.